बाजारभावाच्या बातमीतला एक शब्द : आयात



सोयाबीन घरात आले, कापसाच्या वेचण्या उरकत आल्या, तुरीच्या शेंगा भरल्या, की घराघरांत एकच खल सुरू होतो. आता विकायचे की थांबायचे? कारभारी म्हणतात, थांबू या, भाव चढेल. कारभारीण म्हणते, सोसायटीचा हप्ता थांबत नाही आणि पोरीची फीही थांबत नाही. हा खल चालू असतानाच कुणीतरी तालुक्याहून बातमी घेऊन येतो, "अरे, बाहेरचा माल येतोय. सरकारनं आयात खुली केली!"

झाले! रातोरात टेम्पो ठरतात, पोती भरली जातात आणि दुसऱ्या दिवशी मोंढ्यात माल मावत नाही. भाव उतरतो. मग आपण म्हणतो, "बघा, आयात आली आणि भाव पडला." पण त्या दिवशी बाहेरचा एक दाणा तरी मोंढ्यात उतरला होता का? की सगळ्यांनी एकदम माल नेला म्हणून भाव पडला? हे विचारायला सहसा कुणी थांबत नाही.

आयात हा शब्द चार अक्षरांचाही नाही, पण आपल्या वर्षभराच्या मेहनतीचे मोल वरखाली करण्याची ताकद त्याच्यात आहे. म्हणून आज त्या शब्दाचीच नीट ओळख करून घेऊ. शब्द कळला म्हणून भाव वाढणार नाही, हे खरे. पण ऐकीव बातमीने घाबरून माल काढण्याची पाळी तरी येणार नाही.

शब्दाचे मूळ

आयात हा संस्कृतातून आलेला शब्द. संस्कृतात ‘या’ म्हणजे जाणे. हा धातू आपल्या बोलण्यात रोज येतो. पंढरीची यात्रा, प्रयाण, यान हे सारे त्याचेच गणगोत. त्याच्याआधी ‘आ’ लावला की अर्थ फिरतो आणि जाण्याचे येणे होते. आयात म्हणजे आलेले. ‘निर्’ लावला की बाहेर जाणे होते, ती निर्यात. आपण मराठी माणसे या दोन्ही शब्दांना स्त्रीलिंगी करून टाकतो. "तेलाची आयात वाढली," "कांद्याची निर्यात थांबली" असे आपण म्हणतो. हिंदीत मात्र आयात पुल्लिंगी आहे.

शब्दाचा मूळ अर्थ ‘आलेले’ असला, तरी माल काही आपल्या पायांनी चालत येत नाही. कुणीतरी व्यापारी तो मागवतो, कुणीतरी जहाजाचे भाडे भरतो आणि सरकार त्याला आत येऊ देते. म्हणून "आयात होतेय" असे कुणी म्हणाले, की "कोण करतेय, कशाची करतेय आणि किती?" असे आपण लगेच विचारले पाहिजे. आणखी एक गोष्ट. आयात आणि आयते हे दोन शब्द कानाला जवळचे वाटतात, पण आयात माल आयता मिळत नसतो. त्यासाठी देशाला परकीय चलन मोजावे लागते.

आवक निराळी, आयात निराळी

बाजार समितीच्या फळ्यावर आपण ‘आवक’ हा शब्द वाचतो. आवक म्हणजे त्या दिवशी त्या बाजारात आलेला माल. मग तो शेजारच्या गावचा असो की परराज्यातला. लातूरच्या बाजारात कर्नाटकातल्या बिदरकडची तूर आली तर ती आवक. म्यानमारची तूर मुंबईच्या बंदरात उतरली तर ती आयात. देशाची सरहद्द ओलांडून आल्याशिवाय मालाला आयात म्हणता येत नाही. "बाहेरचा माल आलाय" असे आडत्या म्हणाला, तर बाहेरचा म्हणजे कुठला, हे म्हणूनच विचारून घ्यावे. पुष्कळदा तो माल मध्य प्रदेशचा किंवा कर्नाटकाचा निघतो.

सरहद्द या शब्दाची किमया पाहायची असेल तर आपल्या शेजारच्या गोव्याकडे पाहा. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्याआधी तो पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. त्यामुळे पणजीहून सावंतवाडीला आणलेली वस्तू ही आयात ठरत असे आणि चोरून आणली तर ती तस्करी होत असे. गोवा मुक्त झाला आणि त्याच वाटेने येणारा तोच माल साधी ने-आण ठरला. डोंगर तेच, रस्ता तोच, माणसेही तीच. सरहद्द पुसली गेली आणि तिच्याबरोबर आयात हा शब्दही पुसला गेला.

ब्रह्मदेशाचे याच्या उलट झाले. १९३७ च्या एप्रिलपर्यंत तो ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक भाग होता. त्यामुळे तोवर रंगूनहून मुंबईला येणारा तांदूळ परदेशचा नव्हता. त्याच ब्रह्मदेशाचे नाव पुढे म्यानमार झाले आणि आज तिथली तूर येते ती आयात म्हणून.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे १९६२ चा सीमाशुल्क कायदा आहे. आयात म्हणजे भारताबाहेरच्या ठिकाणाहून भारतात आणणे, अशी त्याची सरळ व्याख्या आहे. या कायद्यापुरता भारत किनाऱ्याच्या वाळूपाशी संपत नाही. किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतचा समुद्र त्यात धरलेला आहे.

बंदरात जहाज लागले की आयात करणाऱ्याला मालाची नोंद द्यावी लागते, शुल्क भरावे लागते आणि मगच माल बाहेर काढता येतो. यात एक गंमत आहे. शुल्क भरून माल देशातल्या वापरासाठी सोडला गेला, की कायद्याच्या लेखी तो ‘आयात माल’ राहत नाही. दुकानात ‘इंपोर्टेड’ अशी चिठ्ठी लावून मिरवणारे सफरचंद कायद्याच्या दृष्टीने बंदरावरच आपले परदेशीपण सोडून आलेले असते!

आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. शुल्क न भरता माल सरकारी देखरेखीच्या गोदामात ठेवण्याचीही सोय कायद्यात आहे. तिथून शुल्क भरून तो हवा तेव्हा सोडवता येतो. म्हणजे जहाज लागले याचा अर्थ माल बाजारात आला असा होत नाही. शुल्क कमी होण्याची वाट पाहत तो गोदामात बसून राहू शकतो. आपण भावाची वाट पाहत कणगी झाकून ठेवतो, तसाच तोही व्यापारी वाट पाहत असतो.

चुलीपाशी पोहोचलेली आयात

भगिनींनो, आयात ही फक्त बंदरावरची गोष्ट आहे असे समजू नका. एकादशीची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तिकडचाच. बटाटा आणि मिरचीही अमेरिका खंडातलीच. उपवासाचे म्हणून आपण जे सोवळ्याने करतो, त्यातले बहुतेक जिन्नस एके काळी समुद्र ओलांडून आले आहेत. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि त्यानंतर त्यांच्या जहाजांतून अशी कितीतरी झाडेपिके आपल्या किनाऱ्याला लागली.

वस्तूंबरोबर त्यांची नावेही आली. बटाटा, काजू, अननस, पपई, पाव, तंबाखू हे शब्द आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळाले. आपल्या लाडक्या हापूसच्या नावातही अफोन्सो हे पोर्तुगीज नाव दडलेले आहे. आंबा आपला, नाव मात्र बाहेरचे. ‘विलायती’ हा शब्द तर आपण सरसकट कशालाही लावतो. विलायती चिंच मूळची मेक्सिकोच्या बाजूची आहे. विलायतेशी, म्हणजे इंग्लंडशी तिचा काही संबंध नाही. जे बाहेरून आले ते विलायती, एवढाच आपला हिशेब.

हे सांगण्याचे कारण एवढेच, की बाहेरून आलेली प्रत्येक गोष्ट शेतकऱ्याच्या मुळावर येते असे नाही. मिरची आणि भुईमूग आपल्या रानात रुजले, आपल्या माणसांनी त्यांच्या जाती निवडल्या आणि ती पिके आपली झाली. खरा प्रश्न काय आले हा नाही. जे आले ते आपल्या रानात रुजले, की आपल्या मालाच्या जागी येऊन बसले, हा आहे.

धान्य आणणे आणि बियाणे आणणे

हा फरक एकाच वर्षात पाहायला मिळाला. ते वर्ष होते १९६६. सलग दोन दुष्काळांनी देश टेकीला आला होता. त्या एका वर्षात एक कोटी टनांहून अधिक धान्य परदेशातून आणावे लागले. त्यात अमेरिकेच्या ‘पीएल ४८०’ या कायद्याखाली आलेला गहू मोठा होता. गव्हाचे जहाज वेळेवर लागले नाही तर रेशनच्या दुकानात धान्य नाही, अशी अवस्था होती. पुढे १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रेशनवर परदेशची तांबडी मिलो मिळाली. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. त्या भाकरीची चव ते अजून विसरलेले नसतील.

त्याच १९६६ साली आणखी एक आयात झाली. मेक्सिकोहून गव्हाच्या बुटक्या जातींचे सुमारे १८,००० टन बियाणे आणले गेले. केंद्रात त्या वेळी सी. सुब्रमण्यम् कृषिमंत्री होते. डॉ. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत तयार केलेल्या या जाती इथे आणाव्यात, असा आग्रह डॉ. स्वामिनाथन यांच्यासारखे शास्त्रज्ञ धरत होते. त्या बियाण्यावर आपल्या शास्त्रज्ञांनी पुढे काम केले, शेतकऱ्यांनी ते पेरले आणि काही वर्षांतच गव्हाची जहाजे कमी होत गेली.

दोन्ही गोष्टींना शब्द एकच, आयात. पण पहिलीने वर्षाची भूक भागली आणि पुढच्या वर्षी पुन्हा हात पसरावा लागला. दुसरीने हात पसरण्याचे कारणच कमी केले. म्हणून नुसती "आयात वाईट" किंवा "आयात चांगली" असे म्हणून भागत नाही.

खुली, मुक्त, शुल्कमुक्त

आता बातम्यांत येणाऱ्या शब्दांकडे वळू. आयात ‘मुक्त’ आहे असे म्हटले, की आपल्याला वाटते माल फुकटात आत येणार. तसे नाही. मुक्त म्हणजे त्यासाठी वेगळा परवाना लागत नाही आणि किती आणायचे याला बंधन नाही. शुल्क तरीही असू शकते. शुल्क माफ असेल तर ती आयात ‘शुल्कमुक्त’. आणि ‘प्रतिबंधित’ म्हणजे पूर्ण बंदी नव्हे, तर परवाना घेऊन आणि ठरवून दिलेल्या प्रमाणात आणायची मुभा. या तीन शब्दांत गल्लत झाली की बातमीचा अर्थच बदलतो.

पिवळ्या वाटाण्याची गोष्ट यासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. हा वाटाणा उसळीत पडतो आणि हरभरा महागला की बेसनातही शिरतो. त्यामुळे हरभरा पिकवणाऱ्याचा तो थेट स्पर्धक. २०१९ च्या डिसेंबरात सरकारने नियम केला, की हा वाटाणा किलोला २०० रुपयांपेक्षा कमी किमतीने आणता येणार नाही आणि तो फक्त कोलकात्याच्या बंदरातच उतरवायचा. शिवाय ५० टक्के शुल्क होतेच. कागदावर बंदी नव्हती, पण आणणार कोण? पुढे डिसेंबर २०२३ मध्ये हे सारे निर्बंध उठवले आणि शुल्कही माफ केले. मग वाटाण्याची जहाजेच्या जहाजे लागली. नंतर १ नोव्हेंबर २०२५ पासून त्यावर ३० टक्के शुल्क लावले गेले. म्हणजे एकाच वाटाण्याची आयात सहा वर्षांत कुलूपबंद झाली, सताड उघडी झाली आणि मग अर्धी लोटली गेली. शब्द तिन्ही वेळा ‘आयात’ हाच होता.

शुल्काचा हिशेब

"आयात शुल्क घटवले" ही बातमी आली की सोयाबीनवाल्यांच्या पोटात गोळा येतो. काळजी रास्त आहे, पण हिशेब मांडून पाहू.

आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून, सूर्यफुलाचे तेल रशिया आणि युक्रेनमधून. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलावरचे एकूण शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्के केले गेले. मे २०२५ च्या अखेरीस ते १६.५ टक्क्यांवर आणले.

समजा, बंदरात कच्चे तेल किलोला १०० रुपयांनी पडते. २७.५ टक्के शुल्क धरून ते १२७ रुपये ५० पैशांना पडेल. १६.५ टक्के धरले तर ११६ रुपये ५० पैसे. फरक किलोला ११ रुपये. आता एक क्विंटल सोयाबीनमधून तेल निघते साधारण १८ किलो. बाकी बहुतेक पेंड. म्हणजे तेलामुळे क्विंटलमागे फरक पडेल तो अकरा गुणिले अठरा, म्हणजे सुमारे २०० रुपयांचा. २०० रुपये काही थोडे नव्हेत. पण अशी बातमी सांगून कुणी क्विंटलमागे ५०० रुपये कमी देऊ लागला, तर वरचे ३०० कशाचे, असे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

सोयाबीनची दुसरी बाजू पेंडेची आणि ती तेलापेक्षा मोठी. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेला होता. कोंबड्यांचे खाद्य महागले म्हणून कुक्कुटपालन करणारे हैराण झाले होते. त्या ऑगस्टमध्ये सरकारने १२ लाख टन सोयापेंड आणण्यास परवानगी दिली. पाठोपाठ नवा माल निघण्याची वेळ झाली आणि भाव झपाट्याने खाली आला. तेव्हा सोयाबीनवाल्याने तेलाच्या बातमीइतकेच लक्ष पेंडेच्या बातमीकडेही दिले पाहिजे.

जहाजाला वेळ लागतो

व्हॉट्सॲपवर बातमी क्षणात येते, जहाज तसे येत नाही. इंडोनेशिया-मलेशियाकडून तेलाच्या जहाजाला साधारण आठ-दहा दिवस लागतात. अर्जेंटिना-ब्राझीलकडून महिना-दीड महिना लागतो. त्याआधी सौदा व्हायचा, माल भरायचा, आणि इथे आल्यावर बंदरातून सोडवायचा.

आयातीच्या देशातला हंगामही पाहावा. आपली तूर डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत बाजारात येते. मोझांबिक, टांझानिया, मलावी या आफ्रिकी देशांतली तूर आपल्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात निघते आणि दिवाळीच्या आगेमागे इथे पोहोचू लागते. म्यानमारची तूर मात्र आपल्या तुरीच्या सुमारासच तयार होते. २०२१ च्या मे महिन्यात तुरीची आयात मुक्त केली गेली आणि नंतर मुदत संपत आली की ती वाढवली जात राहिली. म्हणून तुरीच्या बाबतीत "आयात खुली झाली का?" यापेक्षा "मुदत कधीपर्यंत वाढवली आणि आपल्या काढणीत कुठला माल लागणार?" हा प्रश्न जास्त उपयोगाचा.

मुदतीचे महत्त्व कापसाने चांगलेच शिकवले. फेब्रुवारी २०२१ पासून परदेशी कापसावर ११ टक्के शुल्क होते. १९ ऑगस्ट २०२५ पासून ते माफ केले, तेही फक्त ३० सप्टेंबरपर्यंत. सप्टेंबरअखेर आपला नवा कापूस बाजारात फारसा नसतो, तेव्हा शेतकऱ्याला थोडे हायसे वाटले. पण काही दिवसांतच ही माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली. ऑक्टोबर ते डिसेंबर हे तर आपल्या वेचणीचे ऐन महिने! बातमीचा मथळा दोन्ही वेळा सारखाच होता. खरे नुकसान तारखेत दडले होते.

आपणही घेणारे आहोत

न्यायाने बोलायचे तर दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सूतगिरणीला रुई महाग पडली तर गिरणीतला कामगार बसतो आणि तोही पुष्कळदा आपल्याच गावचा पोर असतो. तेल महागले की आपल्याच घरात कढईतले तेल जपून वापरावे लागते. ज्वारी पिकवणारा डाळ विकत घेतो आणि कोंबड्या पाळणारा पेंड विकत घेतो. म्हणून "सगळी आयात बंद करा" ही मागणी ऐकायला बरी वाटली तरी ती आपल्याच घरात एकाला हवी आणि दुसऱ्याला नको अशी असते.

पण एक मागणी सर्वांना सारखीच लागू आहे. नियम पेरणीच्या आधी ठरावेत आणि काढणीपर्यंत टिकावेत. जूनमध्ये एक शुल्क पाहून आपण पीक निवडतो आणि दसऱ्याला दुसरेच शुल्क लागू असते. यात शेतकऱ्याची शेती राहत नाही, तो जुगार होतो. हमीभाव जाहीर होतो त्याच वेळी आयातीचे धोरणही वर्षभरासाठी सांगितले जावे, एवढे मागण्यात काही गैर नाही. आपल्या ग्रामसभेत, बाजार समितीत आणि मते मागायला येणाऱ्यांपुढे हे बोलून दाखवायला हवे.

खिशातून होणारी आयात

शेवटी एक आयात अशी, की ती आपल्याच घरातून होऊ शकते. कुणाचा मुलगा दुबईला, कुणाचा भाचा अमेरिकेत. तिकडच्या टोमॅटोचे किंवा फुलांचे बियाणे पाकिटातून आणण्याचा मोह होतो. सरहद्द ओलांडून मूठभर बी आणले तरी कायद्याच्या लेखी ती आयातच. बियाणे, कलमे, रोपे यांना परवाना आणि रोगमुक्त असल्याचा दाखला लागतो. हे नियम उगीच नाहीत.

गाजर गवताने आपली किती राने खाल्ली ते तुम्ही जाणताच. हे मूळचे अमेरिका खंडातले तण १९५५ च्या सुमारास पुण्यात नजरेला आले. परदेशी गव्हाबरोबर ते आले असे मानले जाते. पपईवरचा पिठ्या ढेकूणही तसाच न बोलावता आलेला. मूळचा मेक्सिकोकडचा हा किडा २००८ मध्ये कोइमतूरला आढळला आणि बघता बघता पपईच्या बागा, तुती आणि इतर पिके पोखरू लागला. औषधे मारून तो आटोपेना. तेव्हा २०१० मध्ये बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी त्याचे नैसर्गिक शत्रू असलेले बारीक परोपजीवी कीटक प्वेर्तो रिको बेटावरून रीतसर परवानगीने मागवले, आधी तपासले आणि मग बागांत सोडले. त्यांनी पिठ्या ढेकूण आटोक्यात आणला. रोग चोरपावलांनी आला आणि औषध तपासणी करून आणले गेले. बिनपरवान्याचे येणे आणि नियमाने आणणे यांतला फरक याहून चांगला कोण सांगणार?

बातमी आली की विचारायचे प्रश्न

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी "आयात खुली झाली" हे ऐकले की टेम्पो ठरवण्याआधी इतके विचारा :

१. कोणत्या मालाची? तुरीची, तुरीला पर्याय असलेल्या डाळीची, तेलाची की पेंडेची?

२. मुक्त की शुल्कमुक्त? शुल्क असेल तर किती होते आणि किती झाले? वजाबाकी करून क्विंटलला किती फरक पडतो ते कागदावर मांडा.

३. किती टनांची परवानगी, आणि कोणत्या तारखेपर्यंत? ती तारीख आपल्या काढणीच्या आधीची की नंतरची?

४. माल कुठून येणार? त्या देशात आता हंगाम आहे का? जहाजाला किती दिवस लागतील?

५. नुसती परवानगी मिळाली, की जहाज लागले, की माल बाजारात उतरला? या तीन पायऱ्या वेगवेगळ्या आहेत.

सगळी उत्तरे लगेच मिळतील असे नाही. पण घरातली शिकलेली मुले मोबाईलवर सरकारी अधिसूचना शोधून देऊ शकतात. त्यांना ते काम सांगा. शेतकरी गटात एकाने तेल-पेंडेवर, एकाने डाळींवर आणि एकाने कापसावर लक्ष ठेवले तरी पुष्कळ. आणि माल काढायचाच झाला तर एकदम सगळा काढू नका. निकडीपुरता आज विका, उरलेला टप्प्याटप्प्याने. कारण परदेशचे जहाज यायला महिना लागतो, पण साऱ्या गावाने घाबरून एकाच दिवशी माल नेला तर त्याच संध्याकाळी भाव पडतो. पहिले आपल्या हातात नाही. दुसरे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.